पिशवीवरची खडूची खूण

मैत्रिणींनो, कुकी म्हटलं की आपल्याला आठवतं ते बेकरीतलं खुसखुशीत बिस्किट. पण मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडावी, तर खालून एक पट्टी सरकत वर येते. ‘आम्ही कुकीज वापरतो, तुम्हाला मान्य आहे ना?’ असा काहीसा इंग्रजी मजकूर असतो. आणि आपण काय करतो? तिकडे कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते, रेसिपी तर आत्ताच्या आत्ता हवी असते. अंगठा आपोआप ‘ॲक्सेप्ट’वर जातो. पट्टी गेली, विषय संपला!

विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. आणि हा काही फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा विषय नाही, आपल्या घरातला आहे. कसा, ते सांगते.

आमच्या वाचनालयात येणारी एक मुलगी आहे. लग्नाला दोन वर्षं झालेली. घरात मोठ्या स्क्रीनचा मोबाइल एकच. त्यावर सासूबाई कीर्तनं ऐकतात, धाकटा दीर क्रिकेटचा स्कोअर बघतो, आणि दुपारी सगळे निजले की ही. एकदा तिची पाळी चार-पाच दिवस पुढे गेली. घरात कुणाजवळ बोलली नव्हती, नवऱ्याजवळसुद्धा नाही. तिने मोबाइलवर दोन-तीन ठिकाणी वाचलं आणि हिस्टरी पुसून टाकली. संध्याकाळी सासूबाई त्याच मोबाइलवर एकादशी कधी आहे ते बघत होत्या, तर बाजूला गर्भचाचणीच्या पट्टीची जाहिरात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच. “काय गं, काही सांगायचंय का आम्हाला?” सासूबाईंनी कौतुकानेच विचारलं असेल. पण तिच्या पोटात गोळा आला. चार दिवसांनी पाळी आली, तेव्हा घरभर जे तोंडं उतरणं झालं, त्याचं ओझं उगाच तिच्या डोक्यावर. “ताई, मी हिस्टरी पुसली होती हो, मग त्यांना कळलं कसं?” हा तिचा प्रश्न. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिते आहे.

शिंप्याचा बिल्ला आणि कोपऱ्यातला माणूस

आधी साधी कुकी समजून घेऊ. शिंप्याकडे ब्लाउजपीस टाकलं की तो एक नंबर लिहिलेली चिठ्ठी देतो. पुढच्या खेपेला चिठ्ठी दाखवली की आपलं माप, आपला गळा, आपली बाही सगळं त्याला सापडतं. कुकी म्हणजे अशी चिठ्ठी. आपण एखादी वेबसाइट उघडली की ती एक छोटीशी नोंद आपल्या मोबाइलमधल्या ब्राउजरकडे ठेवायला देते. पुढच्या वेळी ब्राउजर ती दाखवतो आणि साइट आपल्याला ओळखते.

ही युक्ती १९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण इंजिनिअरला सुचली. त्याआधी वेबसाइटला स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाईपर्यंत ती विसरून जायची. मग खरेदीची टोपली भरायची कशी? कुकीने ती अडचण सोडवली. आणि एका दुकानाची चिठ्ठी दुसऱ्या दुकानाला वाचता येऊ नये, असाच मूळ बेत होता. म्हणजे कुकी मुळात काही वाईट नाही हं! आज आपण बसचं तिकीट काढतो, साडी निवडून बाजूला ठेवतो, ते तिच्याच जिवावर.

पण मेख पुढे आहे. आपण जे पान उघडतो, ते सगळंच त्या साइटचं नसतं. त्यातली जाहिरातीची चौकट दुसऱ्याच कंपनीकडून आलेली असते. कधी तर डोळ्यांना दिसणारही नाही एवढं, ठिपक्याएवढं चित्र असतं. ही तिसरी कंपनीही आपली चिठ्ठी ठेवून जाते. हीच ‘थर्ड पार्टी कुकी’. पहिले आपण, दुसरी ती साइट आणि तिसरा हा, ज्याला आपण बोलावलेलंच नाही.

कल्पना करा, आपण बाजारात निघालो आहोत. प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर एक माणूस बसलाय. पहिल्या दुकानात त्याने आपल्या पिशवीवर खडूने एक खूण केली. पुढे औषधाच्या दुकानात, कापडाच्या दुकानात, वकिलाच्या ऑफिसबाहेर, सगळीकडे त्याचीच माणसं. ती आपल्याला काही विचारत नाहीत. फक्त खूण बघतात आणि वहीत लिहितात. ‘खूण नंबर अमुक. सकाळी पाळीच्या गोळ्यांची चौकशी. दुपारी पाळण्याचे भाव.’ आपलं नाव त्यांना ठाऊक असेलच असं नाही. त्याची गरजही नाही. खूण पुरते.

आता त्या मुलीचा प्रश्न. हिस्टरी पुसली म्हणजे आपण कुठे गेलो होतो त्याची आपल्या घरातली यादी फाडली. पण पिशवीवरची खूण तशीच आणि त्यांच्या वहीतली नोंदही तशीच! शिवाय खूण मोबाइलवर असते, माणसावर नाही. एका मोबाइलवर चार माणसं असली, तर दुपारी सुनेने वाचलेलं संध्याकाळी सासूला दिसणारच.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ दैनिकात काम करणाऱ्या एका पत्रकार बाईचं बाळ २०१८ साली पोटातच गेलं. तरी बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती तिला दिसतच राहिल्या. तिने ‘ही जाहिरात नको’ म्हणून कळवलं, तर यंत्राने अर्थ काढला की हिचं बाळंतपण झालं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. तिने मोठ्या कंपन्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं, त्याचा आशय असा होता, की मी गरोदर आहे हे ओळखण्याइतके तुम्ही हुशार, तर माझं बाळ गेलं हे कसं ओळखता आलं नाही? ते वाचून जगभरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चोराला हाकलायचं, पण हाकलणारा कोण?

तुम्ही म्हणाल, मग ही थर्ड पार्टी कुकी बंद का करत नाहीत? अहो, १९९७ सालीच इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळाने शिफारस केली होती, की ही परक्याची कुकी मुळातच बंद ठेवावी. तेव्हाच्या दोन मोठ्या ब्राउजर कंपन्यांनी, नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टने, ती अमलात आणली नाही. जाहिरातींचा धंदा तेव्हा नुकता पाय पसरत होता.

पुढे फायरफॉक्सने २०१९ मध्ये पाळत ठेवणाऱ्या कुकीज आपणहून अडवायला सुरुवात केली. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये सगळ्याच परक्या कुकीज बंद केल्या. पण आपल्यापैकी बहुतेकींच्या मोबाइलमध्ये असतं ते क्रोम, आणि ते गूगलचं. जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ब्राउजर हेच. जानेवारी २०२० मध्ये गूगलनेही जाहीर केलं, की दोन वर्षांत आम्ही या कुकीज हद्दपार करू.

आपल्याला वाटेल, चला, सुटलो एकदाचे! पण इथेच खरा पेच पडला. छोट्या जाहिरात कंपन्या आणि वर्तमानपत्रं घाबरली आणि ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली. जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने चौकशी सुरू केली. त्यांचं म्हणणं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

गूगलच्या कमाईचा मोठा हिस्सा जाहिरातींचा. आपण गूगलवर काय शोधतो, यूट्यूबवर काय बघतो, मॅपवर कुठे जातो, हे त्याला स्वतःच्या दुकानातूनच कळतं. त्यासाठी त्याला परक्या कुकीची तेवढी गरज नाही. गरज आहे ती छोट्यांना. म्हणजे बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदाराने जाहीर करायचं, की ‘बायकांच्या अब्रूसाठी मी आता इतर सगळ्यांच्या वह्या जप्त करतो,’ आणि स्वतःची जाडजूड वही मात्र गल्ल्याखाली ठेवायची! चोर हाकलला जाईल खरा, पण बाजार एकाच्याच हाती जाईल.

आयोगाने गूगलकडून फेब्रुवारी २०२२ मध्ये कायद्याने बांधील अशी हमी घेतली. आमचं समाधान झाल्याशिवाय कुकीज काढायच्या नाहीत आणि नव्या पद्धतीत स्वतःला झुकतं माप द्यायचं नाही. गूगलने पर्याय म्हणून ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ नावाची नवी तंत्रं मांडली. उदाहरणार्थ, आपली आवड कोणती हे ब्राउजरनेच ठरवायचं आणि जाहिरातदाराला फक्त ‘स्वयंपाक’, ‘प्रवास’ असे ढोबळ विषय सांगायचे. मुदत मात्र पुढेपुढे जात राहिली. आधी २०२३, मग २०२४, मग २०२५. जानेवारी २०२४ मध्ये क्रोम वापरणाऱ्यांपैकी १ टक्का, म्हणजे जवळपास ३ कोटी लोकांसाठी कुकीज बंद करून बघितल्या. आणि जुलै २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलं, की आम्ही कुकीज काढत नाही, ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. तो निर्णय विचारणारी वेगळी पाटी दाखवणार होते, एप्रिल २०२५ मध्ये तीही रद्द केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या आयोगाने गूगलला त्या हमीतून मोकळं केलं आणि नव्या तंत्रांपैकी बरीचशी गूगलने गुंडाळली. पाच-पावणेसहा वर्षांचा खटाटोप, आणि खडूची खूण जिथल्या तिथे!

मला यातलं एक फार खटकतं. एक बाजू आपल्या खासगीपणाचं नाव घेत होती. दुसरी बाजू स्पर्धेचं नाव घेत होती, पण तिलाही पाळत ठेवायची सोय हवीच होती. वह्या कुणाकडे राहाव्यात यावर भांडण चाललं होतं. ज्यांच्याबद्दल वहीत लिहिलंय त्यांना कोण विचारतंय?

तोच अडत्या, तोच व्यापारी, यार्डही त्याचंच

‘स्पर्धा’ म्हटलं की वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं आपसातलं भांडण, आपल्याला काय त्याचं? पण बचत गटाच्या ज्या मैत्रिणी पापड-लोणच्यांची जाहिरात इंटरनेटवर देतात, त्यांचे पाचशे रुपये कुठून कुठे जातात, ते बघा.

आपण पान उघडतो, त्या क्षणी तिथल्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत! बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो ना, तसाच. शेतकऱ्याच्या जागी वेबसाइट किंवा वर्तमानपत्र, व्यापाऱ्याच्या जागी जाहिरातदार, आणि बोली ठरते ती त्या खडूच्या खुणेवरून. नुकतंच बाळ झालेल्या बाईचं पान महाग, बाकीचं स्वस्त.

आता समजा, शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या, व्यापाऱ्यासाठी बोली लावणारा माणूस आणि ज्या यार्डात लिलाव होतो तो यार्ड, हे तिन्ही एकाच मालकाचे असले तर? गूगलची जागा तशी आहे. त्याची मुळं जातात २००७ पर्यंत. ‘डबलक्लिक’ ही कुकीवर चालणारी जाहिरात कंपनी गूगलने ३१० कोटी डॉलरला घेतल्याचं त्या वर्षी जाहीर झालं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामकांनी परवानगी दिली आणि मार्च २००८ मध्ये सौदा पुरा झाला. अमेरिकेच्या आयोगातल्या पामेला जोन्स हार्बर या एकट्या सदस्य बाईंनी तेव्हा विरोधात मत नोंदवलं होतं. दोन कंपन्यांकडच्या माहितीचे ढीग एकत्र आल्यावर स्पर्धेचं आणि खासगीपणाचं काय होईल, ही त्यांची काळजी होती.

त्यानंतर सतरा वर्षांनी, १७ एप्रिल २०२५ रोजी, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला, की प्रकाशकांसाठीचं जाहिरातीचं तंत्र आणि लिलावाचा बाजार या दोन्हींत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. जाहिरातदारांकडच्या बाजूचा आरोप मात्र त्यांनी मान्य केला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. दोन्ही निर्णय आपल्याला मान्य नाहीत, असं गूगलने तेव्हा जाहीर केलं.

मधल्यामध्ये किती जातं? ब्रिटनच्या आयोगाने २०२० मध्ये पाहणी केली. वेबसाइटवरच्या अशा जाहिरातींसाठी दिलेल्या पैशातला किमान ३५ टक्के भाग मधले लोक घेतात, असं त्यात आढळलं. शंभरातले पस्तीस म्हणजे काही थोडी अडत नव्हे! आपल्याकडेही डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलची चौकशी करण्याचा आदेश दिला होता. वृत्तपत्राला कमी मिळालं की पहिली कात्री लागते ती तालुक्याच्या बातमीदारावर. मग आपल्या गावची पाणीटंचाई कोण छापणार? आणि लोणचंवाल्या मैत्रिणीने दिलेल्या पैशातलाही हा वाटा कापलाच जाणार. तिला तर तो कापला गेल्याचं कळतसुद्धा नाही.

‘नको’ म्हणायचं बटण

कायदा काय म्हणतो? युरोपात नियम कडक आहेत, म्हणून तर त्या पट्ट्या आल्या. पण तिथेही गंमत बघा. ‘हो’ एका टिचकीत आणि ‘नाही’ म्हणायला चार पानं! फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणावरून गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जाहीर केलं. ‘नाही’ म्हणणं ‘हो’ इतकंच सोपं हवं, हे त्यांचं तत्त्व. बाई म्हणून मला हे तत्त्व फारच पटलं!

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदी लागू करायला दीड वर्षाची मुदत दिली गेली. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीतही. दोन, संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती परत घेणंही सोपं हवं. तीन, मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे.

पण कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. आपला अंगठा आपल्या हातात आहे.

क्रोम उघडा. वर कोपऱ्यात तीन ठिपके दिसतील, त्यावर टिचकी मारा. ‘सेटिंग्ज’मध्ये जा, मग ‘साइट सेटिंग्ज’. तिथे ‘थर्ड पार्टी कुकीज’ सापडेल. त्या ‘ब्लॉक’ करा. झालं! क्वचित एखादी साइट कुरकुर करेल. तेवढ्या साइटपुरती परवानगी देता येते.

आधी साठलेल्या चिठ्ठ्या काढायच्या, तर ‘ब्राउजिंग डेटा’ पुसताना नुसती हिस्टरी नाही, ‘कुकीज’ समोरचीही खूण करा. काही साइटवर पुन्हा पासवर्ड टाकावा लागेल, तो आधी जवळ लिहून ठेवा.

नाजूक काही वाचायचं असेल, आजाराचं, कायद्याचं, घरात सांगता न येणारं, तर क्रोमची ‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडा. त्यात परक्या कुकीज आपणहून अडवल्या जातात आणि खिडकी बंद केली की त्या वेळच्या चिठ्ठ्या पुसल्या जातात. पण तिथे आपल्या ईमेलने लॉग-इन करू नका. आणि ज्या साइटवर गेलात तिला, तसंच इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुमचं येणं दिसतंच, हेही ध्यानात असू द्या.

हे सगळं ब्राउजरपुरतं. ॲपची गोष्ट वेगळी, तिथे कुकीऐवजी मोबाइलचा जाहिरात-क्रमांक असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ शोधा, तिथे तो क्रमांक काढून टाकायची सोय आहे. पाळीच्या तारखा नोंदवणारं ॲप वापरत असाल, तर जरा जास्तच सावध राहा. ‘फ्लो’ या अशाच ॲपने बायकांची माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला होता आणि २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण यापुढे विचारल्याशिवाय आरोग्याची माहिती कुणाला देणार नाही, हे तिला मान्य करावं लागलं. अहो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने केलेली खूण अजूनही सगळ्यात सुरक्षित!

जाहिराती याने बंद होणार नाहीत, आणि व्हाव्यात असं मी म्हणतही नाही. वर्तमानपत्रं त्यांच्यावरच चालतात. रेसिपीच्या पानावर कढईची जाहिरात दिसली तर कुणाची हरकत आहे? हरकत आहे ती आपली पाठ धरून घरापर्यंत येणाऱ्या जाहिरातीला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या भिशीला चहा येईपर्यंतची दहा मिनिटं या कामाला द्या. जिला जमतं तिने बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये हे सेटिंग करून द्यावं. त्या मुलीच्या मोबाइलमध्ये मी ते करून दिलंय. सासूबाईंना कीर्तनं पूर्वीसारखीच दिसतात, दिराला स्कोअरही. आणि सांगण्यासारखं काही असेल तेव्हा ती स्वतःच्या तोंडाने सांगेल.